मूनस्क्रेपर चार्ट एडिटर: आपलं आवडतं गाणं क्लोन हीरोमध्ये बसवायचं असेल तर हेच घ्या

मूनस्क्रेपर बरेच महिने नियमित वापरतोय आणि आता त्याच्यावर सविस्तर लिहावंसं वाटतंय, कारण यावर मराठीत काही वाचलेलं मला तरी आठवत नाही. आधीच सांगून टाकतो, हे फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि क्लोन हीरो या तालावरच्या गेमसाठी स्वतःचे चार्ट, म्हणजे गाण्यात कधी कुठलं बटण दाबायचं याची मांडणी, बनवायला शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करा असं माझं स्पष्ट मत आहे. पण लोक हे उघडतात ते रंगीत नोट्स टाकायला, आणि माझ्या मते या एडिटरची खरी ताकद नोट्समध्ये नाहीच, ती लय बसवण्यात आहे. ते लक्षात आलं की चार्ट चांगले व्हायला लागतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ साली गिटार हीरो नावाचा गेम आला, प्लास्टिकची गिटार, त्यावर पाच रंगीत बटणं, स्क्रीनवर गाण्याच्या तालावर नोट्स खाली येतात आणि त्या बरोबर वेळेला दाबून स्ट्रम करायचं, म्हणजे तार छेडल्यासारखी पट्टी हलवायची. ती सिरीज थांबली पण लोकांचं प्रेम थांबलं नाही, आणि त्यातूनच क्लोन हीरो हा चाहत्यांनी बनवलेला फुकट गेम आला, त्याचं १.० व्हर्जन २०२२ मध्ये आलं. यातली मजा म्हणजे गाणी कुठलीही घाला. एक फोल्डर, त्यात गाण्याची ऑडिओ फाइल, एक छोटी माहितीची फाइल ज्यात नाव, गायक, चार्ट कोणी केला वगैरे असतं, आणि एक चार्ट फाइल, म्हणजे कुठल्या क्षणाला कुठलं बटण. ही तिसरी फाइल बनवायचं काम मूनस्क्रेपर करतो. गिटार नसेल तरी अडत नाही, कीबोर्डवर खेळता येतं, आपल्याकडे कितीतरी जण तसंच खेळतात.

आता मुख्य मुद्दा. एडिटर उघडला, ऑडिओ लोड केला, की समोर हायवे, म्हणजे नोट्स ज्यावरून सरकत येतात तो पट्टा, दिसतो आणि त्यावर ठोक्यांच्या रेघा. या रेघा गाण्याच्या ठोक्यांवर बसलेल्या नसतील तर बाकी सगळं काम वाया. आता तुम्ही म्हणाल थोडं इकडे तिकडे झालं तर काय बिघडतं, तर हिशोब करून बघा. गाणं १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचं, आहे आणि तुम्ही १२०.५ टाकलंत. ३ मिनिटांत ३६० ठोके होतात, आणि शेवटाला पोचेपर्यंत तुमच्या रेघा गाण्याच्या पाऊण सेकंद पुढे गेलेल्या असतात. क्लोन हीरोमध्ये नोट दाबायला पुढे मागे साधारण ७० मिलिसेकंदांची सूट मिळते, ती या चुकीत पहिल्या १७ सेकंदांतच संपते! म्हणजे मुखडा संपायच्या आतच नोट्स चुकायला लागणार, आणि खेळणाऱ्याला वाटणार आपलंच टायमिंग गंडलंय. म्हणून बीपीएमला दशांशानंतर तीन आकडे टाकायची सोय दिली आहे आणि ती शोभेची नाही, लागतेच.

आजकालची गाणी कंप्युटरवर क्लिक (एकसारखा टिकटिक ठोका) लावून बनवलेली असतात, तिथे एक आकडा टाकला की शेवटपर्यंत चालतं. पण आपली जुनी गाणी घ्या, भावगीतं, लावण्या, जुनी चित्रपटगीतं, सगळा वाद्यवृंद एका खोलीत बसून एका दमात वाजवायचा, क्लिक बिक काही नाही, ढोलकीवाला अंतऱ्यात जरा पुढे सरकतो, मुखड्यावर परत येताना तिहाई घेऊन किंचित रेंगाळतो, आणि तेच त्या गाण्यांचं सौंदर्य आहे. अशा गाण्याला एक बीपीएम चालतच नाही, दर दोन चार बारनंतर (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक गट) नवा टेम्पो मार्कर, म्हणजे इथून बीपीएम बदलला अशी खूण, लागतो. इथे मूनस्क्रेपरमधली अँकर ही सोय कामाला येते. एक मार्कर तुम्ही अगदी कानाने बरोबर समेवर आणून ठेवला की त्याला अँकर करायचं, मग त्याच्या आधीच्या मार्करमध्ये काही बदल केला तरी अँकर केलेला मार्कर गाण्यातल्या त्याच क्षणाला चिकटून राहतो, मधला टेम्पो एडिटर स्वतः जुळवून घेतो. म्हणजे समेपासून समेपर्यंत एकेक तुकडा पक्का करत पुढे जायचं. हळू काम आहे, पण यात मला जो आनंद मिळतो तो सांगता येणार नाही. लहानपणापासून ऐकलेल्या गाण्यात वादक कुठे श्वास घेतात हे आकड्यांत दिसायला लागतं, ११२.४, मग ११३.१, मग अंतऱ्याच्या शेवटी एकदम ११०.८. त्यानंतर तेच गाणं नुसतं ऐकतानाही कान तिथे थांबतात.

तपासायचं कसं तर मेट्रोनोम (रेघेगणिक टिक वाजवतो तो) चालू करून डोळे मिटून ऐका. डोळे उघडे ठेवले की माणूस रेघा बघतो आणि स्वतःची समजूत काढतो.

मग तालाचं बघा. टाइम सिग्नेचर, म्हणजे एका बारमध्ये किती ठोके, ते टाकायला वेगळं टूल आहे, आणि बरेच जण ते ४/४ वरच सोडून देतात. कहरवा असेल तर ठीक आहे, पण रूपकातलं गाणं असेल तर सात मात्रांचा बार हवा, ७/४ टाका. कारण फक्त रेघा सुंदर दिसाव्यात एवढंच नाही, स्टार पॉवर, म्हणजे खेळणाऱ्याचे गुण काही वेळ दुप्पट करणारी ताकद, किती वेळ टिकणार हे बारवर ठरतं. पूर्ण भरलेली स्टार पॉवर ८ बार चालते, म्हणजे ४/४ मध्ये ३२ ठोके आणि ७/४ मध्ये ५६. रूपकाचं गाणं ४/४ मध्ये ठेवलंत तर खेळणाऱ्याची दुप्पट गुणांची वेळ तुम्ही जवळजवळ निम्म्यावर आणलीत, आणि बाररेघाही बहुतेक वेळा समेला चुकवून भलतीकडेच पडणार.

दादऱ्याची तर अजून एक गंमत आहे जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. गेममध्ये होपो नावाचा प्रकार असतो, म्हणजे हॅमर-ऑन पुल-ऑफ, आधीची नोट बरोबर लागली असेल तर पुढची स्ट्रम न करता नुसतं बटण दाबून लागते. कुठली नोट होपो होणार हे एडिटर अंतरावरून आपोआप ठरवतो. एका ठोक्याचे १९२ भाग धरलेले असतात, आणि दोन वेगवेगळ्या रंगांच्या नोट्समधलं अंतर ६५ किंवा कमी असेल तर दुसरी एकेरी नोट होपो बनते. आता एका ठोक्यात दोन नोट्स असतील तर अंतर ९६, म्हणजे साधी स्ट्रम. एका ठोक्यात तीन असतील तर ६४, म्हणजे होपो! तर दादऱ्याच्या अंगाने जाणारं गाणं ठोक्याला तीन मात्रा धरून चार्ट केलंत की जवळजवळ सगळंच आपोआप होपो होऊन बसतं, भले ते संथ असो आणि वाजवणारा प्रत्येक स्वर तोडून वाजवत असो. तेव्हा त्या नोट्स निवडून एफ बटणाने फोर्स करायच्या, म्हणजे त्या परत स्ट्रम होतात. मेंडोलिन किंवा सतार प्रत्येक स्वरावर आघात करत असेल तर स्ट्रम ठेवा, बासरी किंवा शहनाई एका श्वासात घसरत जात असेल तर होपो राहू द्या. मींड आली तर टॅप नोट्स वापरून बघा, बोटं नुसती बटणांवरून सरकतात, छान वाटतं.

नोट्स टाकतानाचं एक उदाहरण देतो. समजा हार्मोनियमवर सा रे ग म ग रे सा नि अशी ओळ आहे. यात स्वर किती, तर मंद्र नि पासून म पर्यंत पाच, आणि आपल्याकडे बटणंही पाच. नि हिरवं, सा लाल, रे पिवळं, ग निळं, म केशरी, ओळ जशीच्या तशी बसली, हात सुराबरोबर वर जातो आणि खाली येतो. पण पुढची ओळ प पर्यंत गेली की बटणं संपली. मग नव्या ओळीच्या सुरुवातीला पूर्ण मांडणीच खाली सरकवून घ्यायची, आता रे ला हिरवं धरायचं वगैरे. स्वर आणि रंगाचं कायमचं लग्न लावायचं नसतं, ओळीच्या आत चढ उतार खरा वाटला पाहिजे, बस. हीच ओळ फाइलमध्ये कशी दिसते तेही बघण्यासारखं आहे, कारण चार्ट फाइल साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. ४/४ मध्ये पाचव्या बारच्या समेवर लाल असेल तर ओळ येते ३०७२ = एन १ ०. म्हणजे ३०७२ वा भाग, एन म्हणजे नोट, १ म्हणजे लाल कारण मोजणी हिरव्या शून्यापासून, आणि शेवटचा शून्य म्हणजे लांबवलेली नाही. पुढचा रे अर्ध्या ठोक्यावर, ३१६८ = एन २ ०. एवढं कळलं की काही अडलं तर थेट फाइलमध्ये शोधता येतं, आणि ही पारदर्शकता मला फार आवडते.

प्रत्यक्ष टाकायला माऊस आहेच पण कीज मोड चालू करा, १ ते ५ आकड्यांनी नोट्स टाकायच्या आणि कीबोर्डनेच पुढे सरकायचं, कामाचा वेग एकदम वाढतो. स्टेप म्हणजे किती बारीक पायरीने सरकायचं ते बदलता येतं, १/८, १/१२, १/१६ वगैरे. गाण्याचा स्पीड कमी करून ऐकता येतं, वेगवान सरगम असेल तर याशिवाय पर्याय नाही. आणि क्लॅप! प्रत्येक नोटवर टाळी वाजते, ती चालू करून चार्ट ऐका, नोट एवढीशी जरी सरकलेली असेल तरी कानाला खटकते. माझ्या हिशोबाने क्लॅप आणि अँकर या दोन गोष्टींसाठी सुद्धा हा एडिटर वापरावा.

काय नाही तेही सांगतो. गाणं टाकलं आणि आपोआप चार्ट तयार झाला असलं काही इथे होत नाही, सगळं हाताने आणि कानाने. मला ते योग्यच वाटतं पण ज्यांना झटपट हवंय त्यांची निराशा होईल. दिसायला साधा आहे, पहिल्यांदा उघडल्यावर कुठलं बटण कशासाठी हे कळायला वेळ जातो, आणि माहिती जी काय आहे ती इंग्रजीत. ऑडिओ कापाकापी इथे करायची नाही, ती आधीच ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उरकून घ्या. पहिल्या नोटच्या आधी दोन तीन सेकंद शांतता ठेवा नाहीतर खेळणाऱ्याला तयार व्हायलाच वेळ मिळत नाही. आणि शक्यतो ऑग फाइल वापरा, कारण एमपी३ बनताना सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा घुसते आणि तुम्ही कष्टाने बसवलेली लय तेवढ्याने सरकू शकते. ऑडिओ एकदा पक्का झाला की मग त्याला हात लावायचा नाही.

नवीन असाल तर एक्स्पर्ट लेव्हल आधी पूर्ण करा, सोप्या लेव्हल नंतर त्यातूनच नोट्स कमी करत काढता येतात. पहिलं गाणं लहान निवडा, ठेका स्पष्ट असलेलं, एखादी साधी धून. दहा मिनिटांची बैठकीची लावणी पहिल्याच फटक्यात घेऊ नका, ती मलाही अजून पुरी करायचीय. सेक्शन टाकायला विसरू नका, मुखडा, अंतरा, मधलं म्युझिक अशी नावं द्या, प्रॅक्टिस मोडमध्ये खेळणारा थेट त्या भागावर जाऊन सराव करू शकतो. स्टार पॉवरचे तुकडे सुद्धा विचार करून ठेवा. एक तुकडा पूर्ण वाजवला की पाव भाग भरतो आणि सुरू करायला अर्धा लागतो, म्हणजे कमीत कमी दोन तुकडे झाल्यावर गाण्यातली भरगच्च जागा यावी अशी मांडणी केली तर खेळणाऱ्याला ती वापरायला मजा येते.

चार्ट दुसऱ्यांना द्यायचा असेल तर एक विनंती, चार्ट फाइल आणि माहितीची फाइल द्या, गाण्याची ऑडिओ देऊ नका, ती ज्याची त्याने विकत घेतलेली असावी. फक्त कुठल्या अल्बममधलं, कुठलं रेकॉर्डिंग वापरलंय हे लिहून ठेवा, कारण एकाच जुन्या गाण्याची दोन रेकॉर्डिंग्ज असली तर टेम्पो हमखास वेगळा निघतो. बनवलेले चार्ट यार्ग नावाच्या दुसऱ्या ओपन सोर्स गेममध्येही चालतात, त्यामुळे कष्ट एकाच गेमपुरते अडकून पडत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क कापलाय तो फक्त नवख्या माणसाला सुरुवातीला हात धरून नेणारं काही नाही म्हणून, आणि कोणी मराठी गाण्यांचे चार्ट करत असेल तर खाली नक्की लिहा, विशेषतः रूपक किंवा झपतालातलं कोणी काही केलं असेल तर मला ते खेळून बघायचंच आहे.