एक हंगाम एसएमबी, शिट्टी आणि आरसा बाळगून: वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत प्रत्येक स्कूबा डाईव्हला, पाण्यावर आल्यावर बोटीला आपण दिसावं म्हणून, मी तीन वस्तू अंगावर बाळगल्या: स्पूलसकट (दोराच्या रिळासकट) एसएमबी (सरफेस मार्कर बॉय), म्हणजे पाण्याखालून हवा भरून वर सोडायची केशरी नळी, बिनगोळीची शिट्टी आणि सिग्नलचा आरसा. बहुतेक डाईव्ह मालवणला, थोड्या कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला आणि शेवटी काही अंदमानात हॅवलॉकला. आता पावसाळ्यामुळे सगळं धुऊन-वाळवून ठेवलंय, तर सविस्तर लिहितो. इन्स्ट्रक्टर हाताला धरून फिरवून आणतो त्या डाईव्हसाठी यातलं काहीही विकत घेऊ नका. ज्यांचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा डायव्हिंग कोर्स झालाय आणि जे बडीबरोबर, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराबरोबर, स्वतंत्र उतरतात, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे.

घेताना आपण आपल्या सोयीचं बघतो: खिशात मावेल का, हलकं आहे का. बघायला हवं ते बोटीवरच्या माणसाला काय दिसेल. डिसेंबरात सर्दीने कान बंद झाले म्हणून एका डाईव्हला मी वरच थांबलो आणि तांडेलाशेजारी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशेजारी, बसून पाणी न्याहाळत होतो. दुपारचा वारा सुटलेला, लाटांवर पांढरा फेस. त्यात जाळ्यांना बांधलेले थर्माकोलचे तुकडे आणि प्लास्टिकचे कॅन सगळीकडे तरंगत होते. पहिली जोडी वर आली ती बोटीपासून फार लांब नव्हती, तरी काळ्या हूडमधली दोन डोकी मला सापडेनात. लाट मध्ये आली की गायब. दुसऱ्या जोडीची नळी मात्र त्याहून कितीतरी लांब असून लगेच नजरेत भरली. तांडेल म्हणाले, "टकली दिसनत नाय ओ, ह्यां नळकांडां लांबसून दिसतां." त्यानंतर मी माझी एक मीटरची नळी एका मित्राला तलावातल्या सरावासाठी देऊन टाकली आणि दीड मीटरची घेतली.

प्रवाहाचं गणितही करून बघा. एक नॉटचा करंट म्हणजे मिनिटाला सुमारे ३० मीटर. वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं, तो सेफ्टी स्टॉप करेपर्यंतच आपण ९० मीटर सरकलेलो असतो. वर येऊन वीस मिनिटं बोटीची वाट बघितली तर आणखी ६०० मीटर. म्हणूनच नळी स्टॉपच्या आधी सोडायची, म्हणजे आपण खाली असतानाच बोट मागे येऊ लागते. २०१४च्या फेब्रुवारीत बालीजवळ सात जपानी महिला डायव्हर खराब हवेत बोटीला सापडल्याच नाहीत. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत मिळाल्या, दोघी वाचल्या नाहीत. हे वाचल्यापासून माझ्यासाठी एसएमबी ही ऐच्छिक वस्तू राहिलेली नाही.

आता माझ्या नळीबद्दल. कापड पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं नायलॉन, खालचं तोंड एकदिशा झडपेचं, म्हणजे वर आडवी पडली तरी हवा जात नाही. हे महत्त्वाचं. उघड्या तोंडाच्या स्वस्त नळ्या पृष्ठभागावर कलंडल्या की रिकाम्या होतात आणि पुन्हा भरायला आपण पाण्याच्या चुकीच्या बाजूला, म्हणजे वर, असतो. जादा हवा सोडायचा व्हॉल्व्हही आहे, तो नसेल तर घेऊ नका. दहा मीटरवर भरलेली हवा वर पोचेपर्यंत दुप्पट होते, त्यामुळे खाली अर्धी भरलेली नळी वर टम्म होते. माझ्या मापाच्या नळीत साधारण दहा लिटर हवा मावते. त्याचा अर्थ ती सुमारे दहा किलोच्या जोराने वर ओढते. सोडताना स्पूल कधीही बीसीडीला, म्हणजे अंगावरच्या हवा भरायच्या जाकिटाला, अडकवलेला नसावा. दोर गुंतला तर तो सोडून देता आला पाहिजे, नाहीतर तुम्हीही तिच्याबरोबर वर.

भरलेली नळी आपोआप ताठ उभी राहत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. दोराला खालून ताण लागतो. मी खालच्या कडीला अर्ध्या किलोचं शिसं अडकवतो, आणि वर आल्यावर तोंडाजवळ धरून नळी खाली दाबून ठेवतो. वाऱ्यात एवढ्यानं मोठा फरक पडतो.

तक्रार एकच, पण गंभीर. स्पूलबरोबर आलेला स्नॅप, म्हणजे तो अडकवायचा हुक, स्टीलचा म्हणून विकलेला होता. जानेवारीपर्यंत त्याच्या स्प्रिंगला गंज चढला आणि खिट्टी अंगठ्याने ढकलून मागे जाईना. गोड्या पाण्यात दर वेळी बुडवून ठेवूनही. नेत्राणीच्या बोटीवर पक्कड लावून तो सोडवावा लागला. हीच गोष्ट पाण्याखाली झाली असती तर नळी कमरेलाच राहिली असती. मग ३१६ प्रतीच्या स्टीलचा वेगळा घेतला, तो अजून लोण्यासारखा चालतो. बाकी दोर, शिवण, व्हॉल्व्ह ठणठणीत. रंग उन्हाने किंचित उतरलाय.

कुठे ठेवायची? भाड्याच्या बीसीडीचे खिसे बेभरवशाचे, चेन अडकते किंवा वेल्क्रो गेलेलं असतं. मी वरच्या टोकाकडून गुंडाळत येतो, म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला राहतं, आणि रबरी दोरीने बांधून डाव्या कमरेच्या डी-रिंगला, म्हणजे कडीला, लावतो. ग्लोव्ह घालून, न बघता हाताला यायला हवी. त्यासाठी पहिल्या महिन्यात दर डाईव्हला सोडून बघितली, गरज असो-नसो. हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकल या डाईव्हच्या जागी करंट असताना त्याचा उपयोग कळला. बडीने खूण केली आणि गप्पा मारता मारता व्हावं इतक्या सहज नळी वर गेली.

शिट्टी फॉक्स ४० कंपनीची. आत गोळी नसल्याने भिजली तरी वाजते. पण मर्यादा मोठी: बोटीचं इंजिन चालू असेल तर ऐकू जात नाही, वाऱ्याविरुद्ध तर नाहीच. पाण्यावर पांगलेल्या जोडीदाराला हाक मारायला मात्र तिच्यासारखी दुसरी नाही.

आरशाला लोक गांभीर्याने घेत नाहीत, मी आता घेतो. ऊन असलं की त्याची चमक नळीपेक्षा कितीतरी लांब जाते. हात लांब करून दोन बोटांचा व्ही करायचा, त्या फटीत लांबची होडी धरायची आणि प्रकाश आपल्या बोटांवर पाडून हलवायचा. संध्याकाळी किंवा ढगात उपयोग शून्य. तेव्हा छोटा टॉर्च. तो नळीच्या कापडाला टेकवून लावला की अख्खी नळी आकाशकंदिलासारखी उजळते. हॅवलॉकच्या संध्याकाळच्या डाईव्हला आम्ही हेच केलं.

जीपीएसवाली एआयएस उपकरणं, म्हणजे आपली जागा रेडिओवरून जहाजांना आपोआप कळवणारी, मी अजून घेतलेली नाहीत. त्यांचा संदेश जवळच्या जहाजांच्या एआयएस रिसीव्हरवर जातो, आणि मी ज्या छोट्या बोटींवरून उतरलो त्यांवर तो नव्हता. उपग्रहाला संदेश पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन वेगळा. त्याची नोंदणी करावी लागते, आणि लांबच्या सफरींसाठी तोच माझ्या यादीत वर आहे. तोवर बोटीवर चढण्याआधी तांडेलाला नळीचा रंग दाखवतो आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक किनाऱ्यावर थांबलेल्या माणसाच्या फोनमध्ये घालून ठेवतो.

शिट्टी आणि आरसा मिळून एका डाईव्हपेक्षा स्वस्त पडले. नळी आणि स्पूल त्याहून महाग, पण पैसे वाचवायचेच असतील तर कॅमेऱ्यावर वाचवा. पुढच्या हंगामात बडीसाठी दुसऱ्या रंगाची नळी घेतोय, म्हणजे आम्ही वेगळे झालो तर वर कोण कुठे आहे हे बोटीवरून ओळखता येईल.