एमजीबीचा एक्झॉस्ट बदलताना: बीड की नळ्या, साधे पोलाद की स्टेनलेस

1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर सडला की मालकासमोर दोन वेगळे प्रश्न उभे राहतात आणि बहुतेक वेळा ते एकमेकांत मिसळले जातात. खालचे पाइप आणि सायलेन्सरचे डबे कोणत्या धातूचे घ्यावेत, हा पहिला. इंजिनला लागून असलेला, सिलिंडरांचा धूर गोळा करून खाली नेणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड ठेवावा की त्याजागी नळ्यांचा बसवावा, हा दुसरा. पहिला टिकाऊपणाचा आहे, दुसरा इंजिनाच्या घडणीचा. येथील विवेचन 1798 सीसीच्या चार सिलिंडरच्या, एसयू या बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असलेल्या गाडीपुरते आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. लांबच्या प्रवासात पाइप तापतात आणि ही वाफ निघून जाते. परंतु रविवारी सकाळी पाच-सहा किलोमीटरचा फेरफटका मारून गॅरेजमध्ये परतणाऱ्या गाडीच्या मागच्या डब्यात ती साचते आणि साधे पोलाद आतून पोखरू लागते. गाडी नीट टेकूंवर उभी करून, थंड डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करून पाहावे. चांगला डबा ठणठणीत वाजतो. सडलेला बद्द वाजतो आणि आत सुटलेला गंजाचा चुरा खुळखुळतो. बाहेरचा काळा रंग तेव्हाही शाबूत असू शकतो, म्हणून केवळ पाहून निर्णय घेऊ नये.

साध्या पोलादाच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत: ते स्वस्त पडते आणि मूळ गाडीचा काहीसा दबका, गोल आवाज त्यात सहज टिकतो. ज्याची गाडी रोज लांब पल्ल्यावर धावते, त्याला ते पुरेसे आहे. पण जुन्या स्पोर्ट्‌स कार क्वचितच तशा वापरल्या जातात, आणि कमी वापराच्या गाडीलाच स्टेनलेसची खरी गरज असते. मात्र स्टेनलेस म्हटले म्हणजे सगळे एकच नव्हे. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. 409 मध्ये क्रोमियम सुमारे 11 टक्केच असते आणि त्यावर कालांतराने तांबूस थर चढतो. विकत घेताना चुंबक जवळ ठेवावे: 409 ला ते घट्ट चिकटते, 304 ला जवळपास नाही, वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवली तर तो दोष समजू नये. 304 तापल्यावर साध्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे रबरी हँगर ताणून बसवले तर पाइप कुठेतरी चेसिसला टेकतो आणि गाडीत घरघर सुरू होते. कर्कश आवाजाचे खापर धातूवर फोडले जाते. प्रत्यक्षात तो मुख्यतः डब्याच्या आतल्या रचनेवर, म्हणजे आडपडद्यांवर किंवा छिद्रांच्या नळीभोवती भरलेल्या, उष्णता सोसणाऱ्या तंतूंच्या लोकरीवर, अवलंबून असतो.

आता मॅनिफोल्ड. येथे माझे मत स्पष्ट आहे: इंजिन मूळ अवस्थेत असेल तर बिडाला हात लावू नये. या इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, धुरासाठी तीनच वाटा आहेत. मधली वाट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरची सामाईक. ज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असल्याने हे दोन सिलिंडर एकमेकांपासून क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याने दूर राहतात, तसेच पहिला आणि चौथाही, म्हणून एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. बिडाचा मॅनिफोल्ड नेमक्या याच जोड्या लावून दोन वेगळ्या तोंडांनी धूर खाली सोडतो, म्हणजे मूळ रचनाच विचारपूर्वक केलेली आहे. लांब मधल्या शाखेचा नळ्यांचा मॅनिफोल्ड तेच तत्त्व पुढे नेतो, पण त्याचा लाभ दिसतो तो कॅमशाफ्ट, हेड आणि कार्ब्युरेटर यांवरही काम झालेले असेल तेव्हा.

नळ्यांच्या मॅनिफोल्डची किंमतही केवळ पैशांत मोजू नये. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. पातळ नळ्यांची उष्णता थेट वर जाते आणि मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात, रहदारीत अडकल्यावर, पेट्रोल कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्येच (पेट्रोल साठणाऱ्या वाटीतच) उकळू लागते. सिरॅमिक लेप दिला तर हा त्रास कमी होतो. दुसरी अडचण बारीक पण चिवट आहे. हवा आत घेणारा मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट काही ठिकाणी एकाच स्टडवर (इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या खुंटीवर), एकाच जाड वॉशरखाली दाबले जातात. नव्या नळ्यांची फ्लँज, म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट पट्टी, थोडी जरी कमी-जास्त जाडीची असली तरी वॉशर तिरका बसतो, एक बाजू सैल राहते आणि थंड इंजिनावर फट्‌फट्‌ ऐकू येऊ लागते.

भारतात 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर 2021 च्या नियमांनुसार ती मूळ स्वरूपात असावी लागते. तेव्हाही बीड राखलेले बरे.

म्हणून बहुतेकांना माझा सल्ला बिडाचा मॅनिफोल्ड आणि त्यापुढे 304 चे पाइप, मूळच्याच व्यासाचे, असा राहील. मॅनिफोल्डखालचे सहा पितळी नट काढण्याआधी रात्रभर गंज सोडवणारे तेल मुरू द्यावे, आणि परत बसवताना नवे पितळीच घ्यावेत, कारण लोखंडी नट उष्णतेने स्टडला धरून बसतात. क्लॅम्प आधी नुसते हाताने लावून, पाइपाभोवती सगळीकडे बोटभर जागा आहे याची खात्री करून मगच शेवटचे आवळावेत, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर, इंजिन थंड असताना, पुन्हा एकदा पान्हा लावून पाहावा.