गाणारीच्या नावागावासह जपलेल्या ओव्या : ‘पारी’वरील जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह

जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या आणि आईकडून लेकीकडे आलेल्या ओव्या आज ऐकायच्या असतील, तर ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजेच ‘पारी’वरील ओव्यांच्या संग्रहाइतके भरवशाचे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ सर्वांना विनामूल्य खुले आहे आणि ओव्यांची मालिका त्यावर २०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागली.

संग्रहाचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे. सामाजिक कार्यकर्त्या व संशोधक हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी संशोधक, मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात राहून काम केलेले गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून या ओव्या उतरवून घेतल्या. पुढे नव्वदच्या दशकात संगीत आणि संगणक या दोन्हींचे अभ्यासक बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकावरील नोंदींची जोड दिली. एक हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बायका आणि १ लाख १० हजारांच्या वर ओव्या, असा हा पसारा आहे. पिठाच्या गिरण्या गावात आल्या, तशी पहाटेची दळणे थांबली आणि दळणाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. त्यामुळे हे काम आणखी उशिरा सुरू झाले असते, तर यातले बरेचसे कोणाच्या कानावरही पडले नसते.

मला या संग्रहाचे मोल सर्वाधिक वाटते ते त्यातील नोंदींच्या पद्धतीमुळे. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील ओव्यांचे पान उघडावे. ध्वनिमुद्रण, मराठी शब्द आणि इंग्रजी अनुवाद तर तेथे आहेतच. शिवाय गाणारीचे नाव, तिचे वय, जात, व्यवसाय, तिला मुले किती आणि ओव्या कोणत्या तारखेला नोंदवल्या, हेही दिलेले आहे. आपल्याकडे अशा रचनांवर ‘लोकगीत’ एवढाच शिक्का मारून त्या छापण्याची सवय इतकी जुनी आहे की, त्या कोणा एका बाईने आपल्या संसारातून, आपल्या गावच्या बोलीत गायल्या आहेत, याचा वाचकाला विसर पडतो. येथे तो पडत नाही. बोलीतले उच्चार प्रमाण मराठीत बदलून ‘शुद्ध’ केलेले नाहीत, हेही मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ओवीचा ठेका त्या उच्चारांवरच उभा असतो.

विषयांची व्याप्ती पाहिली, तर ग्रामीण महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास बायकांच्या बाजूने वाचायला मिळतो. माहेर, भाऊ, सासुरवास आणि पंढरीची वारी या गोष्टी अपेक्षित आहेतच. परंतु सीतेच्या वनवासावरील ओव्यांतून तिच्यावरच्या अन्यायाबद्दल बायका किती स्पष्ट बोलतात, हे मुळातून ऐकावे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या तर कोणीही चुकवू नयेत. रामायणातल्या दुःखासाठी वापरलेला तोच दोन ओळींचा साचा तेथे भीमरावांविषयीच्या अभिमानासाठी आणि नव्या धम्माच्या आनंदासाठी तितक्याच सहजपणे वापरलेला आहे. शतकानुशतकांची रचनापद्धती विसाव्या शतकातल्या राजकीय जाणिवेला कशी सामावून घेते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

सगळ्याच ओव्यांना आवाजाची जोड नाही. पुष्कळशा केवळ लिखित स्वरूपात आहेत, हे ध्यानात ठेवूनच या संग्रहाकडे जावे. एका बैठकीत संपवण्याजोगा हा ऐवज नाही आणि तशी घाईही करू नये. मराठीच्या व इतिहासाच्या शिक्षकांनी आपल्या जिल्ह्यातल्या ओव्या शोधून वर्गात ऐकवाव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यानंतर विद्यार्थ्यांना घरच्या आजी-पणजींना विचारायला सांगावे आणि मिळेल ते सांगणारीचे नाव, गाव व तारीख घालून वहीत उतरवून घ्यायला लावावे. नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी मराठी शब्द वाचून मग ध्वनिमुद्रण लावावे, कारण काही ठिकाणी जात्याची घरघर आवाजात मिसळलेली असते आणि परक्या बोलीतले शब्द पहिल्यांदा कानाला लागत नाहीत.