नत्र किती द्यायचे: माती तपासून, पान पाहून, की शिफारशीच्या आकड्यावर?

खरिपाच्या तोंडावर युरियाच्या, म्हणजे पिकाला नत्र (नायट्रोजन) देणाऱ्या खताच्या, किती गोण्या आणायच्या, हा प्रश्न बहुतेक घरांत एका वाक्यात मिटतो: गेल्या वर्षी आणल्या तेवढ्या. डीएपीची (नत्र आणि स्फुरद देणाऱ्या खताची) गोणी 1350 रुपयांची, ती उचलताना माणूस दहादा विचार करतो. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांत मिळते आणि टाकल्यावर आठवड्यात पीक हिरवेगार दिसते, म्हणून हात सैल सुटतो. या सवयीऐवजी तीन मार्ग आहेत. कृषी विद्यापीठाची सर्वसाधारण शिफारस, माती परीक्षण आणि उभ्या पिकाच्या पानाचा रंग. त्यांतला कोणता कशासाठी चालतो, हे कळले तर निवड सोपी होते.

शिफारशीचे थोडक्यात सांगतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास लावलेल्या) शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, 115 किलो स्फुरद (फॉस्फरस), 115 किलो पालाश (पोटॅश) अशी आहे, आडसालीला (जुलै-ऑगस्टच्या लागणीला) 400:170:170. हे आकडे प्रयोगांतून आले आहेत, त्यामुळे अंदाजापेक्षा ते केव्हाही बरे. पण नदीकाठच्या काळ्या भारी जमिनीला आणि माळावरच्या मुरमाड जमिनीला आकडा तोच. तुमचे शेत त्याने पाहिलेले नाही.

माती परीक्षण म्हटले की दोन गोष्टी एकत्र होतात, त्या वेगळ्या करायला हव्यात. 19 फेब्रुवारी 2015 ला सुरू झालेल्या योजनेतून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिका ही एक. तिच्यासाठी बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा, अशी मूळ रचना होती. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचे, पण माती बांधापलीकडची असू शकते. गावाचा कल समजायला ती चांगली आहे. खताचा हिशेब मात्र स्वतःच्या शेतातला नमुना प्रयोगशाळेत देऊनच करावा.

आता नत्राचे खरे दुखणे. स्फुरद आणि पालाश मातीत बऱ्यापैकी टिकतात, म्हणून त्यांचे अहवालातले आकडे दोन-तीन वर्षे कामाला येतात. नत्र तसे थांबत नाही. मातीतले बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू ते मोकळे करतात, आणि जोराचा पाऊस झाला की तेच नत्र मुळांच्या खाली वाहून जाते. मे महिन्यातला आकडा ऑगस्टमध्ये तसाच राहत नाही. शिवाय अनेक ठिकाणी उपलब्ध नत्र वेगळे मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून काढतात. म्हणून अहवाल हाती आला की मी आधी सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाला-शेणातून मातीत आलेला कार्बन) पाहायला सांगेन. महाराष्ट्रातल्या वर्गवारीत 0.40 टक्क्यांच्या आत कमी, 0.41 ते 0.60 मध्यम. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या आत असेल तर तेही कमीच.

आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी या ‘कमी’तच बसतात. मग अहवाल शिफारशीपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त नत्र द्यायला सांगतो. माती तपासली की खत वाचणारच, असे धरून चालणाऱ्याची इथे निराशा होते. पण कर्ब कमी असल्याचा खरा अर्थ शेणखत, ताग-धैंच्यासारखी हिरवळीच्या खताची पिके आणि उसाचे पाचट जमिनीत गेले पाहिजे, हा आहे. नुसता युरिया वाढवून ती उणीव भरत नाही.

उलट बाजूचा हिशेबही मांडू. सुरू उसाच्या एका एकराला साधारण 100 किलो नत्र लागते. युरियात निम्म्याहून थोडे कमीच नत्र असते, म्हणून सगळे युरियातून धरले तर 217 किलो युरिया, म्हणजे पावणेपाच गोण्यांच्या आसपास. जमिनीत नत्र जास्त निघाले आणि 25 टक्के कपात केली तर सव्वा गोणी वाचते, रुपयांत जेमतेम सव्वातीनशे. एवढ्यासाठी कोण तपासेल? पण जास्तीच्या नत्राने ऊस लोळतो, कपाशी नुसती माजते आणि तुडतुडे येतात, भातावर करपा रोग वाढतो. नुकसान खताच्या बिलात दिसत नाही, ते तिथे आहे. त्याच अहवालात स्फुरद पुरेसे निघाले तर डीएपीची महागडी गोणी वाचते, ते वेगळे.

अहवालातला सामू (मातीची आम्लता-अल्कता, पीएच) आणि चुनखडीही नत्रासाठी वाचा. सामू 8 च्या वर, जमीन चुनखडीची आणि युरिया वर फेकलेला असेल, तर नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. तिथे मात्रा वाढवण्यापेक्षा खत मातीआड करणे महत्त्वाचे.

पानाच्या रंगाचा तक्ता ही वेगळीच चीज आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर फिक्या ते गडद हिरव्या छटा. भाताची लावणी झाल्यावर दोन आठवड्यांनी सुरुवात करून फुलोऱ्यापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी दहा रोपांची वरची, पूर्ण उघडलेली पाने स्वतःच्या सावलीत धरून जुळवायची. सहा किंवा जास्त पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकी निघाली तर नत्राचा हप्ता द्यायचा, नाहीतर थांबायचे. कोकणातल्या भातासाठी, जिथे पाऊस नत्र धुऊन नेतो, तिथे मला हाच मार्ग सर्वांत पटतो. तो पिकाची आजची भूक सांगतो. मात्र पिवळेपणा नेहमी नत्राचा नसतो. चुनखडीच्या रानात कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. नत्र कमी पडले तर आधी जुनी, खालची पाने पिवळी पडतात. हा फरक न पाहता युरिया ओतणारी रानेच्या राने दिसतात, आणि वाईट वाटते.

ऊस, कांदा, गहू, कपाशी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्वतःच्या मातीची तपासणी करा, त्यावरून एकूण मात्रा ठरवा आणि ती हप्त्यांत द्या. उसाला लागणीला 10 टक्के, दीड-दोन महिन्यांनी 40, तीन-चार महिन्यांनी 10, मोठ्या बांधणीला (उसाच्या बुंध्याला माती चढवताना) 40. भात असेल तर तक्ता आधी, माती नंतर. सोयाबीन-हरभऱ्याला मुळांवरच्या गाठी नत्र देतात, तिथे पेरणीबरोबरची थोडी मात्रा पुरे. आणि काहीच जमत नसेल तर शिफारस पाळा, तिच्यावर एक मूठही नको.

नमुना घ्यायचा तर पीक निघाल्यावर, पुढचे खत पडण्याआधी घ्या. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा आणि विहिरीजवळचा भाग सोडून एकरात आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत जा. इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खड्डा करून कडेची माती खरवडा. सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत तसेच करत राहा. सावलीत वाळवा आणि स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीला त्या मातीचा स्पर्शही होऊ देऊ नका.