ट्रायल म्हणून माझ्या चेहऱ्यावर मशीन चालवलं आणि पैसेही माझ्याकडूनच घेतले

गेल्या आठवड्यात पालकसभा संपल्यावर नववीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही मुरुमांसाठी मशीनच्या क्लिनिकमध्ये जात होता ना? हिच्यासाठी तिथं ट्रायलमध्ये जागा आहे म्हणतात." मी त्यांना तिथेच बाकावर बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

मी कोल्हापूरची, वय ३१. हनुवटी आणि जबड्याच्या कडेला कित्येक वर्षं मुरुमं आहेत. पाळीच्या आधी वाढतात, मग थोडी बसतात. त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला दिलं होतं आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, हेही बजावलं होतं. पाचव्या आठवड्यात माझा धीर सुटला. त्याच दिवसांत मोबाईलवर जाहिरात आली: रेडिओ फ्रिक्वेन्सीने मुरुमं कायमची बंद, क्लिनिकल ट्रायलसाठी फक्त २० जागा.

क्लिनिकमध्ये पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ भेटले. माझा चेहरा टेस्टिंगसाठी अगदी योग्य आहे म्हणाले. त्यांनी जे सांगितलं ते सगळं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी फसले. या मशीनमधून त्वचेत वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात, त्वचा त्याला अडवते आणि त्यातून आत उष्णता तयार होते. हे खरं आहे. लेसर त्वचेच्या रंगद्रव्याकडे ओढला जातो तसा हा प्रवाह ओढला जात नाही, हेही खरं. पण त्यापुढे ते म्हणाले, "म्हणून सावळ्या त्वचेला डाग पडूच शकत नाहीत." हे साफ खोटं होतं. उष्णता जास्त झाली की त्वचा भाजते, आणि आपल्यासारख्या त्वचेवर भाजल्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो.

"परदेशात सिद्ध झालंय," असंही ऐकवलं. असा अभ्यास झालेला आहे. २००३ साली छापलेल्या एका अहवालात २२ रुग्णांवर रेडिओ फ्रिक्वेन्सी वापरून बघितली होती. पण २२ रुग्णांच्या अहवालावरून कायमच्या इलाजाची हमी देता येत नाही. याच मशीनचा बारीक सुया टोचून त्वचेच्या आत उष्णता देणारा एक प्रकार असतो, त्याचा उपयोग जास्त करून मुरुमांनी पडलेल्या खड्ड्यांसाठी होतो. मुरुमं येणंच कायमचं बंद होईल, असं वचन कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देणार नाही.

मूळ पॅकेज ६४ हजारांचं, ट्रायलवाल्यांना ३६ हजारांत. सहा हजार रोख आणि उरलेल्याचे दहा हप्ते, तेही त्यांच्याच टेबलावर माझ्या मोबाईलवरून दहा मिनिटांत मंजूर. एका कागदावर सही घेतली, प्रत दिली नाही. लावायची औषधं बंद करायला सांगितली, "नाहीतर मशीनचा रिझल्ट कळणार नाही" म्हणून. तेव्हा मला ते फार शास्त्रीय वाटलं होतं.

पहिल्या तीन सिटिंगला एक मुलगी जेल लावून गरम हँडपीस फिरवायची. बोलता बोलता कळलं, ती आधी पार्लरमध्ये होती. कोटवाले गृहस्थ परत दिसले ते फक्त फोटो दाखवायला. आधीचा फोटो ट्यूबलाइटखाली, बाजूने काढलेला. नंतरचा गोल दिव्यासमोर, चेहरा धुऊन. मुरुमं कधी कुणी मोजली नाहीत. खऱ्या चाचणीत ती मोजतात, काही वेळा चेहऱ्याच्या एकाच बाजूवर उपचार करून दुसरी बाजू तुलनेला ठेवतात. माझ्याबाबत यातलं काहीच झालं नाही.

चौथ्या वेळी सांगितलं, तुमची केस हट्टी आहे, सुयांचं टिप वापरू, साडेसात हजार वेगळे. मी दिले. त्या रात्री गाल पेटल्यासारखा झाला. चार दिवसांनी खपल्या गेल्या आणि उजव्या गालावर बारीक ठिपक्यांची चौकोनी जाळी उमटलेली राहिली. फोन केला तर, "ताई, हीलिंग चालू आहे, उन्हात जाऊ नका."

शेवटी सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला. तिथल्या डॉक्टरांनी गाल बघितल्या बघितल्या विचारलं, "ट्रायल होती तर सीटीआरआय नंबर कुठाय?" मला तो शब्दच माहीत नव्हता. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही; ती २००७ पासून आहे आणि कोणालाही ती इंटरनेटवर फुकट बघता येते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी माणसाकडून घ्यायचा नसतो. चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, संमतीपत्राची प्रत आपल्या हातात यावी लागते, आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क आपल्याला असतो. अल्पवयीन मुलगी असेल तर आईवडिलांची संमती हवीच. मी मात्र ट्रायलचे ४३ हजार ५०० रुपये कबूल करून बसले होते.

क्लिनिकमध्ये जाऊन नंबर मागितला. "तो मशीनच्या कंपनीकडे असतो." समितीचं नाव? तेही कंपनीकडे. डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी उठून आत गेली आणि परत आलीच नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने सुयांच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण राहणं, चेहऱ्यावरची चरबी झडणं, नसांना इजा होणं, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या आहेत. हे उपकरण प्रशिक्षित डॉक्टरच्या हातात काय करू शकतं, हा वेगळा विषय आहे. माझ्यावर ते कुणी चालवलं ते मी वर लिहिलंच आहे.

आता पुन्हा तीच जुनी औषधं लावते आहे आणि मुरुमं खरोखर कमी झालीत. जाळी फिकट झाली, गेली नाही. हप्ता अजून दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. माझ्या पावतीवर 'स्किन पॅकेज' एवढंच लिहिलंय, ट्रायल हा शब्द कुठेही नाही. तो फक्त त्यांच्या जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमध्ये आहे. सुदैवाने मी ते पुसले नव्हते. तुमच्याकडे अशी पावती असेल तर मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, हप्त्याचे कागद आणि तारखेसह चेहऱ्याचे फोटो आजच एका जागी काढून ठेवा.