रेझिस्टिव्हिटीत करिअर: कन्सल्टन्सी की पीएचडी? दोन्ही करून बघितल्यावर

मास्टर्स संपत आलं की हा प्रश्न पडतोच, आणि अधूनमधून कुणी ना कुणी मला विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहितोय. मी आधी काही वर्षं कन्सल्टन्सीत सर्व्हे केले, मग पीएचडी करून रिसर्चमध्ये आलो. ईआरटी म्हणजे जमिनीत इलेक्ट्रोड रोवून करंट सोडायचा आणि खालचे थर त्याला किती विरोध करतात (रेझिस्टिव्हिटी) ते मोजायचं, त्याहून जास्त सांगत बसत नाही.

फील्डवर हात बसवायचा असेल तर कन्सल्टन्सीला तोड नाही. सतत नवी साइट, कुठे कोरडी रेती कुठे मुरूम, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (इलेक्ट्रोड जमिनीला टेकतो तिथला विरोध) खाली येत नाही म्हणून एकेका इलेक्ट्रोडच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतत लाइनभर फिरायचं, अशानं इलेक्ट्रोडची मांडणी वेनर लावायची की डायपोल-डायपोल हे जागेवर उभं राहिल्या राहिल्या कळायला लागतं. पगारही वेळेवर. रिसर्चमध्ये छोट्या मुदतीचे पोस्टडॉक, ग्रँटचं उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला आणि पर्मनंट जागेचा भरवसा नाही. घरची जबाबदारी असेल तर हे हलक्यात घेऊ नका.

तरी मी बाहेर पडलो, कारण एकच गोष्ट सारखी खुपत राहिली. एका जुन्या कचरा डेपोच्या कडेला 48 इलेक्ट्रोड, 2 मीटर अंतरावर, म्हणजे 94 मीटरची लाइन टाकली होती. इन्व्हर्जन केल्यावर, म्हणजे रीडिंगवरून जमिनीखालचं चित्र काढल्यावर, 6 मीटरच्या खाली ठसठशीत निळा (कमी रेझिस्टिव्हिटीचा) पट्टा, 8-10 ओहम-मीटर. आता हे कचऱ्यातून झिरपलेलं पाणी की साधी चिकणमाती? दोन्ही निळीच दिसतात. रेझिस्टिव्हिटीवरून जमिनीतल्या पाण्याचा अंदाज बांधायचं आर्चीचं 1942 चं सूत्र छिद्रांतल्या पाण्यातून जाणारा करंट धरतं, चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावरून जाणारा धरत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर काही ठामपणे म्हणता येईना. आयपी (करंट बंद केल्यावर जमिनीत थोडा वेळ चार्ज किती टिकतो ते मोजणं) घेतलं असतं, एखादं बोअर मारलं असतं तर उलगडा झाला असता, पण बजेट आणि दिवस दोन्ही संपलेले. रिपोर्टमध्ये 'संभाव्य प्रदूषित भाग' लिहिलं आणि पुढच्या साइटवर गेलो. तिथे खरंच काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि हे एकदाच झालं असंही नाही.

रिसर्चमध्ये मला परत त्याच जागी जाता आलं, माझ्यासाठी सगळा फरक इथेच पडला. इलेक्ट्रोड पुरूनच ठेवलेले, दर महिन्याला तीच लाइन. चिकणमाती जागची हलत नाही, प्रदूषित पाणी पावसानंतर सरकतं, मग दोन्ही वेगळी ओळखू येतात. पहिल्या वर्षी जो बदल मला ओलाव्याचा वाटला त्यातला बराचसा निव्वळ तापमानाचा निघाला (अंशाला साधारण 2 टक्के कंडक्टिव्हिटी बदलते), पण ते कळायला अख्खं वर्ष हाताशी असावं लागतं. ब्रिटिश जिओलॉजिकल सर्व्हेनं यॉर्कशरमध्ये हॉलिन हिलच्या सरकत्या उतारावर 2008 साली कायमचे इलेक्ट्रोड बसवले, उताराबरोबर इलेक्ट्रोडही सरकले, तर त्यांनी रीडिंगमधल्या बदलावरूनच ते किती सरकले हे काढलं. असलं काम दोन दिवसांच्या सर्व्हेत कुठून होणार?

अर्थात मी एकाच प्रकारची कन्सल्टन्सी बघितली, काही ठिकाणी मॉनिटरिंगची कामंही मिळत असतील. एक-दोन वर्षं तिथे काढून मग पीएचडीला आलात तरी काही बिघडत नाही, उलट डेटा खराब आहे हे लवकर कळतं. फक्त गाइड ठरवताना दोन गोष्टी आधी विचारून घ्या: साइटवर इलेक्ट्रोड कायमचे राहणार का, आणि लाइनवर निदान एक बोअर आहे का.