हॅरो : दुसऱ्याच्या बातमीत आपली दोन वाक्यं

नवी कंपनी काढली की कोणीतरी हमखास सुचवतं, "हॅरोवर नाव नोंदव, अमेरिकेतल्या मासिकात छापून येशील, तेही फुकट." सल्ला अर्धा खरा आहे. हॅरो म्हणजे ‘हेल्प अ रिपोर्टर आउट’. बातमीदाराला लेखासाठी माहितगार माणूस हवा असतो, तो प्रश्न टाकतो. तो ईमेलने तुमच्यापर्यंत येतो, तुम्ही उत्तर देता आणि पटलं तर तुमची दोन वाक्यं नाव-हुद्द्यासकट लेखात जातात. इथे बातमी त्याची असते, तुमची नाही. कंपनी सुरू झाली, गुंतवणूक मिळाली, ॲप आलं, यातलं काहीही इथे खपत नाही. हे पचत नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

नोंदणी करण्याआधी थोडा इतिहास माहीत हवा, कारण नेटवरचे बरेच मार्गदर्शक लेख शिळे झाले आहेत. पीटर शँकमन या अमेरिकी उद्योजकाने 2008 मध्ये हॅरो सुरू केलं. 2010 मध्ये ते जनसंपर्काचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्होकस कंपनीने घेतलं आणि पुढे त्याच धंद्यातल्या सिजनकडे गेलं. सिजनने त्याचं ‘कनेक्टिव्हली’ केलं: ईमेलऐवजी लॉगिन, डॅशबोर्ड आणि ठरावीक मोफत उत्तरांनंतर पैसे. 9 डिसेंबर 2024 ला ते बंद पडलं. एप्रिल 2025 मध्ये ‘फीचर्ड’ या कंपनीने हॅरो विकत घेऊन जुन्या नावाने, ईमेलवर आणि मोफत पुन्हा सुरू केलं. त्यामुळे ‘कनेक्टिव्हलीवर प्रोफाइल बनवा’ असं कुठे वाचलंत तर ते पान बंद करा. शँकमन यांनी 2024 मध्ये ‘सोर्स ऑफ सोर्सेस’ ही वेगळी मोफत सेवा काढली. दोन्हीकडे नोंदणी करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आता खरी अडचण. विचारणारे बहुतेक अमेरिकेतले, म्हणून डेडलाइन न्यूयॉर्कच्या घड्याळाने चालते. तिथली संध्याकाळी 5 ची मुदत म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे 2.30, आणि नोव्हेंबर ते मार्च 3.30. जुन्या हॅरोचा दुपारी 12.35 चा मेल पुण्यात उन्हाळ्यात रात्री 10.05 ला पोहोचायचा, हिवाळ्यात 11.05 ला. रात्री जेवणं झाल्यावर तासभर बसायची तयारी असेल तरच यात पडावं. सकाळी चहाबरोबर मेल उघडणाऱ्याच्या हाती उष्टं-खरकटंच येतं. बातमीदार पहिली काही उत्तरं वाचतो, त्यात कामाचं मिळालं की बाकीची पडून राहतात.

प्रश्न उघडल्यावर आधी ‘रिक्वायरमेंट्स’ वाचा, मजकूर नंतर. ‘फक्त नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’, ‘फक्त अमेरिकेतले दुकानदार’ असं लिहिलेलं असतं. बसत नसाल तर सोडून द्या. गळ घातली तर उत्तर मिळत नाहीच, शिवाय विषय सोडून लिहिणाऱ्यांना काढूनही टाकतात. माध्यमाचं नाव ‘अनॉनिमस’ असेल तर ते मोठं नियतकालिक असू शकतं, किंवा दुवे गोळा करणारा कोणाचा तरी ब्लॉग. पहिल्यांदा अशांना वगळलेलं बरं.

उत्तर कसं असावं? समजा कोल्हापूरची कंपनी काचेच्या बाटलीतून काकवी विकते, आणि प्रश्न आहे: ऑनलाइन विकलेल्या काचेच्या वस्तू फुटू नयेत म्हणून छोटे व्यापारी काय करतात? नेहमीचं उत्तर असं जातं: ‘आम्ही दर्जाला सर्वोच्च प्राधान्य देणारा झपाट्याने वाढणारा ब्रँड आहोत, आमचे संस्थापक मुलाखतीसाठी उपलब्ध आहेत.’ यात उचलून छापण्यासारखं एक अक्षर नाही. छापलं जातं ते असं: ‘बाटली खोक्याच्या भिंतीला टेकली की फुटते. म्हणून चारी बाजूंनी दोन इंच जागा सोडून ती कागदाने ठासतो. बंद खोकं कानाशी धरून हलवतो. आत सरकल्याचा आवाज आला तर टेप काढून पुन्हा भरतो.’ हे इंग्रजीत 100 ते 150 शब्दांत, ईमेलच्या अंगातच लिहायचं. विषयाच्या ओळीत त्यांच्याच प्रश्नाचं शीर्षक ठेवायचं. शेवटी नाव, हुद्दा, कंपनी, वेबसाइट आणि फोटोचा दुवा. फाइल जोडायची नाही. हॅरोत जोडलेल्या फाइली पूर्वीपासून काढून टाकल्या जातात आणि तुमचा सुंदर पीडीएफ वाटेतच गळतो.

चॅटबॉटकडून उत्तर लिहून घेण्याचा मोह टाळावा. एकाच प्रश्नाला दहा जणांकडून त्याच चार मुद्द्यांची, त्याच क्रमाने उत्तरं आली की बातमीदाराला ती ओळखायला दोन सेकंदही लागत नाहीत.

छापून आल्याचं बहुतेकदा कोणी कळवत नाही. आपल्या आणि कंपनीच्या नावाचा गूगल अलर्ट लावा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. ‘एक्स’वाले दीक्षित आणि ‘के-एस-एच’वाले दीक्षित यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसं आहेत. वेबसाइटचा दुवा मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी तो ‘नोफॉलो’, म्हणजे क्रमवारीसाठी धरू नये अशी गूगलला खूण केलेला, असू शकतो. केवळ गूगलमध्ये वर येण्यासाठी हा खटाटोप करणाऱ्यांची इथे निराशा होते. (त्यांच्यामुळे आधीचं हॅरो किती गढूळ झालं होतं, हे बातमीदारांना विचारा.)

आमचं मत: गिऱ्हाईक अमेरिकेत असेल, म्हणजे सॉफ्टवेअर, निर्यात, सल्लासेवा, तर तीन महिने चिकाटीने करून पाहण्याजोगी सेवा. पाचपैकी साडेतीन. गिऱ्हाईक इचलकरंजीत किंवा नाशकात असेल तर शून्य उपयोग. तिथे स्थानिक आवृत्तीचा बातमीदार गाठायला हवा, आणि ‘हजारो रुपयांत दोनशे वेबसाइटवर बातमी’ हे पॅकेजही त्याची जागा घेत नाही, कारण त्या पानांच्या तळाशी संपादकीय विभागाचा संबंध नसल्याची ओळ असते आणि ती पानं कोणी उघडतही नाही.

या स्थानिक बातमीदाराला मराठी प्रेसनोट युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच पाठवा. जुन्या श्रीलिपी फाँटातला किंवा पीडीएफमधला मजकूर उचलला की जोडाक्षरं फुटतात, आणि रात्रीच्या गडबडीत उपसंपादक तो पुन्हा टाइप करत बसत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या, नाहीतर तो दाबला जाऊन छपाईत धूसर येतो. फोटोओळीत उभ्या माणसांची नावं डावीकडून लिहा.